तीनशे चाळिसांतली एकशे अठ्ठ्याऐंशी

एरंडवण्यात, मातीकामाच्या एका स्टुडिओमागे,
शनिवारी चार ते सात.
दारात एका दिवसाच्या परवान्यावर सही केली,
वय लिहिलं एकसष्ट.
मुलगी म्हणाली, "काकू, इतकं खरं लिहायची गरज नव्हती."

पाच टेबलं. ऐकलेलं नाव एकही नाही.
कुणी वाघोलीच्या गॅरेजात मध आंबवलेला,
कुणी जांभळं,
एकाची लेबलंच हातानं लिहिलेली,
त्यात द्राक्षातला क्ष पाय घसरून पडलेला.

मधोमध पितळी बादली. थुंकायला.
ज्या शहरात जिन्याजिन्यावर पाटी, थुंकू नये म्हणून,
तिथं मला सांगतात, चव घ्या आणि थुंका.
नाही जमलं. गिळत गेले.
तिसऱ्या टेबलापाशी गुडघे दुखायचे थांबले.

चौथ्यावर शर्वाणी डुंबरे, ओतूरकडची.
पाऊण एकर, चढावरचं, मुरमाड.
सगळ्या मिळून तीनशे चाळीस बाटल्या.
पांढरी म्हणायची, पण रंग ज्वारीच्या कडब्याचा.

शेजारचा तरुण ग्लासात नाक बुडवून म्हणाला, लिची.
लिची मी पहिल्यांदा खाल्ली मुलीच्या लग्नात,
तीही डब्यातली.
"तुम्हाला काय लागतंय?" शर्वाणीनं विचारलं.

घोट तोंडात धरला.
गालांच्या आतून काहीतरी सुकत गेलं,
खडूसारखं, नाही, खडू नाही,
दुसरीत डांगेबाई फळ्याकडे वळल्या की
बाकाखाली कडकड चावलेली ती पेन्सिल.
थंड, राखी, चोरीची.
तिच्यापायी मार खाल्ला, जंतांचं औषध प्यायले,
तरी खिशात एक तुकडा असायचाच.

"पेन्सिल," मी म्हणाले. "पाटीवरची."
तरुण असा वळला
जणू मी लिचीला शिवी दिली.
शर्वाणी टेबल सोडून पुढे आली.
"आमची आईपण हेच म्हणाली होती.
मीच शहाणी, लेबलावर 'खनिज' लिहून बसले."

एक घेतली. एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची.
रिक्षात मांडीवर, मेथीच्या जुडीला टेकवून,
सहकारनगरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी धरली.

आता ओट्यावर उभी आहे, कोकमाच्या शेजारी.
घरात बूच काढायचं यंत्र नाही.
वरच्या मजल्यावर बिवलकरांकडे असणार.
नक्की असणार,
सोमवारी सकाळी त्यांच्या कचऱ्याचा आवाज येतो.
पण दार वाजवून
मागायचं तरी काय म्हणून?