परतीला जास्त वेळ

ताश्कंद ते सोल : चार हजार नऊशे किलोमीटर.
हा आकडा मला झोपेतही पाठ आहे,
मेव्हण्यांचे वाढदिवस नाहीत.
जाताना सहा तास दहा मिनिटं,
येताना साडेसात.

वेनेरा तेन दर गुरुवारी येते
कुइल्युक बाजारातला गाळा आवरून.
बोटांना धण्यांचा, लसणाचा वास,
नखांच्या कडा गाजरानं केशरी.
रांगेत उभी राहते, नंबर लागला की विचारते,
“किती लांब आहे?”
जणू आठवड्याभरात शहरं थोडी सरकली असतील.
मी सांगतो.
ती काउंटरवर तिखट किसाची पिशवी ठेवते
आणि जाते.

एकदा म्हणाली, “अंतर तेच, मग येताना जास्त वेळ का?”
वारा, मी म्हटलं. एवढ्या उंचीवर
तो बहुतेक पूर्वेकडेच वाहतो.
जाणाऱ्याला पाठीत रेटा देतो,
येणाऱ्याला छातीवर अडवतो.

मागचा माणूस खाकरला.
“तरीच,” ती म्हणाली,
“रादिकला सहा वर्षं झाली.”

रादिक आन्सानला मोटारींचे आरसे बसवतो.
त्याची कोरियन ऐकून तिथली पोरं हसतात,
म्हणतात, हे शब्द तर आमच्या पणज्यांबरोबर गेले.

तिची आई समुद्राकाठून इकडे आली, सदतीस साली,
गुरांच्या डब्यातून. तिकीट नव्हतं.
येता का, असंही कुणी विचारलं नव्हतं.
बत्तीस दिवस.
एकोणिसाव्या दिवशी थोरला भाऊ झाला.
चोविसाव्या दिवशी गाडी कुठंतरी थांबली,
तिथं रुळांशेजारी त्याला ठेवला, वर दगड रचले.
स्टेशनला नाव नसेल,
किंवा असेल, आईला ती अक्षरं येत नव्हती.

“विमान त्याच्यावरून जातं का?”

मी पडदा तिच्याकडे वळवला.
लाल रेघ : वाळवंट, चीन, मग थोडंसं पाणी.
रूळ त्याच्या कितीतरी वर,
नकाशा ढकलत न्यावा लागला.
“नाही जात.”
“बरं. खिडकी तरी दे.”
“कुठल्या बाजूची?”
“उत्तरेची.”
म्हणजे डावीकडची. एकतीस ए.

रबर लावलेल्या नोटांच्या गड्ड्या
तिनं दोनदा मोजल्या, मी एकदा.
यंत्र अडलं : परतीची तारीख?
“लसूण लावायच्या आधी,” ती म्हणाली.
यंत्राला लसूण कळत नाही.
मी नऊ ऑक्टोबर टाकली.

पुढच्या गुरुवारी रांगेत तीन माणसं,
तिघांनाही इस्तंबूल हवं होतं.
ते गेल्यावर मी उगाच ती दोन नावं टाइप केली.
चार हजार नऊशे.
ड्रॉवर उघडला तर लसणाचा वास.
मी पुन्हा टाइप केली.