एक पूर्णांक आठ

बाटलीवर मीच लिहिलं होतं:
कातळखोल, खालची वाडी, हातपंप, खोली दोनशे दहा फूट.
तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा कागद आला.
क्लोराईड ठीक. लोह ठीक.
फ्लोराईड एक पूर्णांक आठ,
आणि त्याखाली कुणीतरी निळ्या शाईने ओढलेली रेघ.

ग्रामसभेत डॉक्टर रेडकर टूथपेस्टची ट्यूब घेऊन आले.
म्हणाले, हेच ते. थोडं असलं तर दाताला बरं,
परदेशात मुद्दाम घालतात पाण्यात.
पेडणेकर मास्तर उठले: घालतात, आणि त्यावरून तिथेही भांडतात.
त्यांची नोकरी कधीकाळी चंद्रपूरकडे होती.
तिथली माणसं चाळिशीतच कशी बसतात
ते त्यांनी खुर्ची सरकवून, गुडघे न मिटता
करून दाखवलं.
"दीडपर्यंत चालतं," सरपंच म्हणाले, "वरचे तीन दशांश म्हणजे
आमटीत मिठाचा खडा."
कुणीतरी हसलं. मास्तर तसेच अर्धे उभे.

ठराव झाला. लाल ऑइलपेंट, अर्धा लिटर.
रंगवायचं काम जलसुरक्षकाचं,
म्हणजे माझं.

पंपाखाली शेवंती कासलेची कळशी.
तिच्या नातीने, मी न विचारताच, दात दाखवले:
पुढच्या दोघांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके.
ह्या पाण्याचे की नुसतेच असतात तसले?
मला सांगता येईना.

शेवंती म्हणाली,
"रंग लाव गो. पण खंयच्या बावडेर जावचा,
तां पण लिव थंयसर."

वरच्या वाडीची बावडी इथून दिसते.
जांभ्याची, चिरेबंदी, तळातला पैसा दिसेल असं पाणी.
फ्लोराईड शून्य पूर्णांक दोन.
तो नमुनाही मीच भरला. आमचीच बावडी.
तिच्या काठावर खालच्या वाडीची कळशी
मी कधी पाहिलेली नाही,
हे डबा उघडताना आठवलं.
हा पंप बसला त्या दिवशी म्हणे
शेवंतीच्या सासऱ्याने पहिली कळशी भरून
रस्त्यातच ओतली होती,
कुणी काही बोलतं का बघायला.

दांडा अर्धाच रंगवून झाला.
बोटं लाल झाली म्हणून
शेवंतीनेच दोनदा पंप मारला.
ऑइलपेंट पाण्याने जात नाही, दोघींनाही ठाऊक होतं.
मी तरी चोळत राहिले.
धुण्यासाठी चालतं हे पाणी,
कागदात तसं स्पष्ट लिहिलंय.