मालक क्रमांक दोन

फॉर्म एकतीस. भिकन एजंटने टपरीच्या फळीवर तो पसरला
आणि उडू नये म्हणून वर चहाचा ग्लास ठेवला.
"विक्रीला तीस लागतो, काका. मयताला एकतीस."

दोंडाईच्याहून पहाटेच्या एसटीने धुळ्याला आलो होतो.
मांडीवरच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, गाडीचं पुस्तक,
विमा, स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र
आणि सुरतेहून मुलीने सही करून धाडलेली नाहरकत.
तिने सहीखाली तारीख टाकली नव्हती.
भिकनने आपल्या पेनाने टाकली, कुठली तरी.

अर्जदार : हिलाल देवचंद बागुल.
मयताशी नाते :
इथे मी थांबलो.
"काय अडलं?"
"काही नाही. चष्मा."

गाडी कोकिळाची. उपकेंद्राच्या पगारातून
हप्ते तिनेच फेडलेले.
पायाशी लसींचा निळा डबा, मागे मी,
माझ्या मांडीवर शिवायच्या कपड्यांचा गठ्ठा.
विखरणला मी उतरायचो, ती पुढे मालपूरला जायची.
मी जन्मभर मशीन चालवलं,
माझ्या पायाने फिरलेलं चाक तेवढंच.

एकदा शिकवायला निघाली होती मला,
यार्डामागे, मिरच्या वाळत घालतात तिथे.
मी सरळ मिरच्यांत गेलो.
ती खाली बसून हसली, शिंकली, परत हसली,
डोळे पुसून म्हणाली,
"ऱ्हाऊ द्या. मांगे बठा, घट धरीसन."

चासी नंबरचा ठसा घरूनच न्यायचा होता.
आदल्या रात्री गाडीपाशी गुडघे टेकले,
पायदानाचं झाकण काढलं,
कागद दाबून धरला आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली,
कापडावर खडू फिरवतो तशी, हलक्या हाताने.
सतरा अक्षरं-आकडे वर आले.
नऊ वर्षं बसलो या गाडीवर.
असं काही तिच्या पोटात कोरलेलं आहे
हे ठाऊक नव्हतं.

मग डिकी उघडली.
हातमोजा, एकच.
लिमलेटच्या गोळ्या, चिकटून एक झालेल्या.
आणि मालपूरच्या कुणा बाळाचं लसीचं कार्ड,
पुढच्या डोसच्या तारखेला तिने पेनाने गोल केलेला.
ती तारीख आमच्या दहाव्याच्या दिवशी होती.

खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट केले.
"लायसन आहे?"
"नाही."
"चालेल. मालक व्हायला लायसन लागत नाही."
आणि शिक्का मारला. जोरात नव्हे, सवयीने.

परतीच्या गाडीतून मी दोंडाईच्याला उतरलो
आणि घरी न जाता मालपूरची रिक्षा पकडली.
दार उघडलं त्या पोरीच्या कडेवर बाळ होतं.
डोस दिला होता, नव्या सिस्टरने, दुसऱ्या कार्डावर.
तरी तिने जुनं ठेवून घेतलं.
"यावर बाईंचं अक्षर आहे," म्हणाली.
चहा घ्याच म्हणाली. घेतला.

महिन्याने पोस्टमनने कार्ड आणून दिलं,
नखाएवढ्या अक्षरांत माझं नाव.
मालक क्रमांक : दोन.
बरोबर आहे. सरकारला उशिरा कळलं एवढंच.

शेजारचा यशवंत आठवड्यातून एकदा किक मारून देतो,
बॅटरी उतरू नये म्हणून.
काल म्हणाला, "काका, डावा आरसा पार वाकडा झालाय,
मागचा रस्ताच दिसत नाही त्यात. सरळ करू?"

मी मागच्या सीटवर बसून बघितलं.
त्यात रस्ता नव्हताच.
त्यात माझं तोंड होतं.
दुपारच्या उन्हात मला डुलकी लागायची,
आणि दर थोड्या वेळाने ती पुढून उगाच विचारायची,
"जागा शेतस ना?"

"राहू दे," मी यशवंतला म्हणालो.
तो किक मारत होता, त्याला ऐकू गेलं नसावं.
मी हात लांब करून आरसा धरून ठेवला.