दीड

शनिवारी सकाळी शारजात, रोल्यातल्या माझ्या खोलीत
एसी घरघरतो कोमल धैवतात,
आणि जेवणाच्या टेबलावर मी नाणी मांडते.
एक दिरहम : लांब चोचीची कॉफीची किटली.
पन्नास फिल्स : सात कोन, तेलाच्या तीन विहिरी.
पंचवीस फिल्स : हरीण. ती चार.

"किटली चार टाळ्या बसून राहते," मी सांगते,
"विहिरी दोन टाळ्या उभ्या.
हरीण एका टाळीत येतं नि जातं.
तर एका किटलीत हरणं किती?"

मृण्मयी वाळिंबेचा हात लगेच वर.
जोहान डाबरे टेबलाखाली बोटं मोजतो.
हुजैफा परकार म्हणतो,
"टीचर, हरीण किटलीत मावत नाही."

खरंय, मावत नाही.
भागाकार म्हणजे कोंबणं नव्हे रे,
वेळ वाटून घेणं.
असं काहीतरी मी बोलते, आणि तो माझ्याकडे
गॅस संपल्याची बातमी ऐकावी तसा बघतो.

हरणाचे दोन भाग केले तर साडेबारा फिल्स.
तसलं नाणं कुठल्या टांकसाळीत नाही,
ते आपल्या हातांनीच पाडायचं : टाटा, टाटा, टाटा, टाटा.
खालच्या भट्टीत नूरआगा रोट्या थापटतोय,
आमच्या चौघांपेक्षा लयीत.

मग आलं टिंब.
सुराच्या उजवीकडे, माशी बसावी तसं.
"ह्यानं सूर वाढतो. किती? स्वतःच्या निम्म्यानं."
जोहान म्हणाला, वन प्लस हाफ.
मृण्मयीनं लिहिलं वर तीन, खाली दोन, मधे पट्टीनं रेघ.
हुजैफानं एक टाळी वाजवली,
दुसरी अर्धी कशी वाजवायची म्हणून
हात हवेतच धरून ठेवले.

आणि माझ्या तोंडून आपोआप
एक दीड दीड,
दोन दीड तीन,
तीन दीड साडेचार...
कवठ्याच्या शाळेत आप्पांनी छडीच्या धाकानं घोकून घेतलेलं,
पुढं कुठे म्हणजे कुठेच न लागलेलं,
चाळीस वर्षं कुलपात पडून
बिलकुल न गंजलेलं.

"दीड," मी म्हणाले. "आमच्याकडे ह्याला एकच शब्द आहे."
आमच्याकडे म्हणाले, आणि जीभ चावली.
वसई, खेड, सदाशिव पेठ : ही पोरं काय परकी होती?

हुजैफानं दीड तोंडात घोळवला
खजुरासारखा, बी लागेपर्यंत.
"मग वन अँड क्वार्टर?"
सव्वा.
"थ्री क्वार्टर्स?"
पाऊण.
"टू अँड हाफ? थ्री अँड हाफ?"
अडीच. औट.
"औट!" जोहाननं बोट वर केलं पंचासारखं
आणि पुढली पाच मिनिटं शिकवणी नव्हतीच.

भिंतीवर माझी दोन घड्याळं आहेत.
ह्यात अकरा, त्यात साडेबारा.
मृण्मयी बघत राहिली एकदा ह्यात, एकदा त्यात,
मग म्हणाली,
"टीचर, इंडिया डॉटेड आहे."

इतकी वर्षं मी तो दीड तास
फक्त वजा करत आले :
आई जेवली असेल,
आता आडवी झाली असेल,
आता नको फोन.
त्याला वाजवून बघावं
असं कधी सुचलं नाही.

साडेअकराला मुलं गेली. मी नाणी गोळा केली.
किटली आहे. विहिरी आहेत.
हरणं तीन.

दार उघडंच होतं. लिफ्टमधून टाळ्या येत होत्या,
दीड, अर्धी, दीड, अर्धी,
आणि कुणाच्यातरी खिशात
चौथं हरीण उड्या मारत होतं
किंचित आधी.

पुढच्या शनिवारी बघू.