दहा रुपये बाकी

मी लिलावाची वही लिहिते, आचऱ्याला, पिरावाडीत.
सुरमई किती, कुणाची, काय भावाने गेली;
दिवेलागणीपर्यंत सगळं जुळतं.
एक हिशेब तेवढा जुळत नाही.
माझा भाऊ भालचंद्र, वय चौतीस, इंजिनमिस्त्री,
त्याच आठवड्यात त्याने
तीनशे चाळीस रुपयांच्या नव्या चपला घेतल्या होत्या.
बिल माझ्याकडे आहे.
जाणारा माणूस चपला घेतो?

पंचनाम्यात एक शब्द होता.
घरात दुसरा ठरला: 'अटॅक इलो.'
आई तो फोनवर इतक्यांदा सांगत राहिली
की एकदा डॉक्टरचं नावसुद्धा सांगून बसली.

तेराव्यानंतर रस्त्यात भेटणारे
पापलेटच्या भावाबद्दल बोलायचे,
गणपतीच्या जादा गाड्यांबद्दल.
त्याच्या नावाला वळसा घालून जायचे,
पाण्याखालच्या खडकाला होड्या घालतात तसा.
खडक कुठे आहे, ते सगळ्यांना पाठ.

जुलेखा मुजावर तेवढी आली,
डब्यात साफ केलेले पेडवे, हळद-मीठ लावलेले.
ओट्यावर बसली आणि म्हणाली,
'भालग्यान माझो मिक्सर दुरुस्त केल्यान.
पैसे घेवक नाय.
अजून चलता.'

मी रडले. मग पेडवे तळले.
मग तिने तिच्या यासीनचं सांगितलं,
नऊ वर्षांपूर्वीचं,
ज्याला तिच्या घरात अजून 'ताप' म्हणतात.

आता बुधवारी आम्ही बर्फाच्या कारखान्यामागे बसतो.
आधी दोघीच, आता कधी सहा, कधी सात.
पलीकडे बर्फ फोडायचं मशीन धडधडत असतं,
ज्याला मोठ्याने रडायचंय त्याची सोय.
वायंगणीचे मास्तर चार बुधवार नुसते बसले.
पाचव्या बुधवारी म्हणाले, 'माझी मुलगी...'
आणि चहा संपेपर्यंत तेवढंच.

एकदा मी ते बिल काढून ठेवलं.
मास्तरांनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं.
म्हणाले, 'त्या दिवशी त्याला चालायचं असेल.'
कुणी काही बोललं नाही.
मशीनही नेमकं तेव्हाच बंद पडलं.

पौषात एका संध्याकाळी
दिगंबरने, वय एकोणीस,
तीन महिन्यांची उधारी एका दमात फेडली.
गळ, दोरी, बॅटरी चुलतभावाला देऊन टाकली म्हणाला.
पान कोरं झालं, सगळं जुळलं,
आणि मला भीती वाटली.

जेटीच्या टोकाला तो बसला होता.
मी शेजारी बसले. आधी वाटलं,
शब्द उच्चारला तर तो खरा होईल.
भालूच्या वेळी याच भीतीने गिळला होता.
या वेळी विचारला, सरळ, भाव विचारावा तसा:
'जीव देवचो इचार येता तुझ्या मनात?'

भरतीचं पाणी दोन पायऱ्या चढलं.
मग तो म्हणाला, 'व्हय.'

माझ्याकडे शहाणपणाचं काही नव्हतं.
म्हटलं, 'मी हय बसतंय.'
जुलेखाला फोन केला, ती थर्मास घेऊन आली,
मागोमाग त्याचा मामा, पायात एकच चप्पल.
पहाटेच्या एसटीने चौघं कणकवलीला गेलो, डॉक्टरकडे.
तिकिटं मामाने काढली,
वाटेत दिगंबर झोपला, जुलेखाच्या खांद्यावर,
तोंड उघडं टाकून.

तो बुधवारी येतो. कधी येत नाही.
आला नाही की कुणीतरी उठून
त्याच्या घरापर्यंत चालत जातं.
भालूच्या चपला अजून खोक्यातच आहेत.
का, ते अजून कळलेलं नाही.

आणि वहीत दिगंबरच्या नावावर
मी मुद्दाम दहा रुपये बाकी ठेवलेत.
दर आठवड्याला मागते.
तो म्हणतो, 'फुडच्या बुधवारी.'
मी लिहून घेते.