एक रिंग

किसुमूच्या न्यालेंडा वस्तीत
पाणी सांगून येत नाही.
म्हणून ओडोंगोने दुकानातल्या
काच तडकलेल्या एका मोबाइलला शिकवलं:
नळाला धार लागली
की गल्लीभर मेसेज धाडायचा.

पहिल्या दिवशी एकशे चाळीस गेले.
रिस्पा मात्र धार आटल्यावर पोचली,
पिवळा कॅन हातात, रिकामा.
ओमेना तळून काळवंडलेल्या बोटांनी
तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला:
"ह्या मुंगीच्या पायांना मी काय विचारू?"

त्या रात्री तो जेवला नाही म्हणतात.
सकाळी नवा नियम.
एक रिंग: पाणी आलंय.
दोन: उगाच पायपीट नको.
उचलायचा नाही,
पैसे पडत नाहीत.

आता अख्खी गल्ली
एक कान उघडा ठेवून झोपते.
पहाटे उशांखाली एकदाच काहीतरी किणकिणतं,
आणि अंधारात कॅन कॅनला आपटत निघतात.
रिस्पा सगळ्यांच्या पुढे.

काल मध्यरात्री मात्र
ओडोंगोचाच फोन वाजला.
रिस्पाचा नंबर.
एक. तो हसला, पोरीला उलटं कळलं का काय.
दोन.
तीन.

तीनचा अर्थ अजून ठरला नव्हता.
तो अनवाणीच धावला.