दोघांचं यंत्र

आमच्या वोरूकडं शहाणी माणसं
एप्रिलातच लाकडं फोडून ठेवतात,
उन्हाळाभर वारा पिऊ देतात त्यांना.
बाबा आणि काल्यूकाका मात्र ऑक्टोबर सरत आला तरी थांबायचे,
कारण यंत्र दोघांचं होतं
आणि आधी कुणी विचारायचं ते ठरलेलं नव्हतं.

आजोबांनी मृत्युपत्रात सगळं नीट तोडून दिलं होतं.
गोठा इकडं, सौनाघर तिकडं,
सफरचंदाची अकरा झाडं, सहा आणि पाच.
(ते सहावं झाड! त्यावरूनच तर सगळं.)
लाकूडफोड्या यंत्रापुढं फक्त पेन्सिलीनं लिहिलं होतं:
दोघांनी.

मग एका पहाटे बटाट्याच्या रानावर पांढरं पडायचं,
आई खिडकीतून म्हणायची, "आले बघ भाऊजी,"
आणि काका बांधावर उभे असायचे,
हातमोजे घालून, आमच्या घराकडं पाठ करून,
जणू बसची वाट बघतायत.

काका ओंडका ठेवायचे, बाबा दांडा ओढायचे.
पोलादी पाचर सावकाश उतरायची,
भूर्ज एका दमात उकलायचा, स्वच्छ, कोरड्या आवाजात.
अल्डर आतून पांढरा निघायचा
आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल होत जायचा,
कुणीतरी त्याला काहीतरी बोलल्यासारखा.
एक फाक आमच्या गाडीत, एक त्यांच्या.
मी दहा वर्षांची. माझं काम साली वेचायचं
आणि मध्ये न येण्याचं.

नऊ वर्षं हे असं चाललेलं.
ना हं, ना हूं.
यंत्राचा धडधडाट एवढा, की कुणाला वाटावं
त्यामुळंच बोलत नाहीत.

त्या वर्षी शेवटाला अ‍ॅशचा एक बुंधा होता,
तीन फांद्या एकाच जागी फुटलेला, गाठीगाठींचा.
पाचर अर्ध्यात रुतली. काकांनी ओंडका वळवायला हात घातला.
आणि बाबा ओरडले:
"बोट!"

दांडा सुटला. पाचर वर गेली.
बंद केल्यावर यंत्र थोडा वेळ थरथरत राहिलं.
काकांनी हात डोळ्यांसमोर धरला.
तर्जनीचं चामडं शेंड्याला कातरलेलं,
आत बोट होतं. अख्खं. नखासकट.
त्यांनी ते वाकवून पाहिलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं.
मग म्हणाले,
"दिसलं मला."

बस्स.
यंत्र पुन्हा सुरू झालं.
तो बुंधा कुणाच्याच गाडीत गेला नाही,
बांधावर तसाच पडला, तोंड वासून.
पुढं त्यावर आमची कोंबडी बसायची, कधी त्यांची.

रात्री आईनं आमटीची पळी हातातच धरून विचारलं,
"काय म्हणाले भाऊजी?"
"म्हणाला, दिसलं मला."
"एवढंच?"
बाबांनी राईचा पाव मोडला, त्याला बराच वेळ लोणी लावलं.
"एवढं म्हणजे कमी आहे होय?"

त्या दिवशीचं लाकूड त्या हिवाळ्यात जळणारच नव्हतं.
ओलं. नुसतं फुसफुसलं असतं.
त्या हिवाळ्यात आम्ही त्याच्या आदल्या वर्षीचं मौन जाळलं,
चांगलं वाळलेलं, कडकडीत,
घर छान तापलं त्यानं.

पुढच्या जानेवारीत, उणे सव्वीसात,
रास उपसता उपसता
दोन फाकांच्या मध्ये मला ते सापडलं:
चामड्याचा तो शेंडा, दगडासारखा गोठलेला,
आत अजून कुणाचं तरी बोट असावं तसा फुगीर.

भट्टीपर्यंत घेऊन गेले.
दार उघडलं. तोंडावर धग आली.

आगकाड्यांच्या डबीत ठेवून दिला.
बाबांना सांगितलं नाही.
काड्या काढताना त्यांच्या हाताला तो रोजच लागत असणार.
त्यांनीही कधी विचारलं नाही.